सातशे साठ मीटर

सोमेश्वरला एक किस्सा सांगायची भारी खोड होती. सुट्टीवर हिवरतळला आला की चहाचा पहिला घोट पोटात जायच्या आत तो किस्सा बाहेर पडायचाच. ज्यांनी तो चारदा ऐकला होता त्यांनाही पाचव्यांदा हसावं लागायचं, कारण सिरसाळ्याच्या आसपासच्या दहा खेड्यांतून समुद्रावर गेलेला माणूस हा एकटाच होता आणि त्याला ते ठाऊक होतं.

त्याचं काम तसं साधं. मालवाहू जहाजाच्या मागच्या कठड्याशी उभं राहायचं, हातातल्या प्लास्टिकच्या बंदुकीत प्रोबची नळी अडकवायची आणि खिट्टी ओढायची. नळीतून वीतभर लांबीचा, जड नाकाचा प्रोब पाण्यात पडतो. त्याच्यामागे केसाहून बारीक तांब्याची तार उलगडत जाते आणि पाणी कुठं किती गरम, किती गार, ते त्या तारेतून वर लॅपटॉपवर उमटतं. तार संपली की तुटते. प्रोब जातो तळाला, तो पुन्हा कुणी काढत नाही. दर सहा तासांनी असा एक समुद्राला द्यायचा. सोमेश्वरच्या आईला, भिवराबाईला, या नासाडीचं फार वाटायचं. खलातल्या बत्त्यासारखी धडधाकट वस्तू पाण्यात टाकून देतात म्हणजे काय, असं ती प्रत्येक वेळी म्हणायची.

आता यातली गोम अशी की प्रोबला खोली कळत नाही. त्याला फक्त गरम-गार कळतं. तो ठरलेल्या वेगानं बुडतो, सेकंदाला साडेसहा मीटर, म्हणून लॅपटॉप नुसते सेकंद मोजतो आणि त्यावरून खोली मांडत जातो. भर समुद्रात हे गणित चोख बसतं. सोमेश्वरचा किस्सा बंदराजवळचा होता. एका नव्या इंजिनिअरनं घाईघाईत उथळ पाण्यातच प्रोब सोडला. तळ चाळीस मीटरवर. सहा सेकंदांत प्रोब चिखलात रुतून बसला, पण लॅपटॉपला त्याचं काय? तो आपला मोजतच राहिला, शंभर, तीनशे, सातशे साठ. इंजिनिअरनं ते आकडे तसेच ऑफिसला पाठवून दिले.

"सायबाचा फोन आला," सोमेश्वर सांगायचा, "म्हन्ले, अभिनंदन, तुमी बंदरात पाताळ हुडकलं."

सगळे हसायचे. मागच्या दिवाळीला सटवामामा तेवढा हसला नव्हता. सोमेश्वरचा बाप लवकर गेला, तेव्हापासून मायलेकरांना या मामानंच सांभाळलेलं. दोनशे मेंढरांचा धनी, गावात पहिला शब्द त्याचा. भिवराबाई अजूनही त्याच्याच घरामागच्या खोलीत राहायची.

"म्हंजी तळाला टेकलं तरी मशीन थांबत न्हाई?" मामानं विचारलं होतं.

"कसं थांबल मामा? त्याला काय डोळे हायत व्हय?"

"आन् बघणाऱ्याला कळत न्हाई?"

"ज्याला वाचता येतंय त्याला कळतंय. टेकल्यावर रेघ ताठ व्हती. बाकीच्याला काय, आकडा पळतोय ते दिसतंय."

मामानं मान डोलावली आणि मेंढरं बघायला उठून गेला. त्या दिवशी त्याच्या मनात काही काळंबेरं असेल असं मी म्हणणार नाही. माणूस गोष्ट ऐकून ठेवतो, तेवढंच.

पौषात त्याची सून नाहीशी झाली. दिपाली तिचं नाव, युवराजची बायको, आष्टीकडची. तिची आई साखराबाई तेव्हा कारखान्यावर ऊसतोडीला होती. फडात फोन गेला, तुमची पोरगी कुणाचा तरी हात धरून पळाली, आमच्या तोंडाला काळं फासलं. हंगामाचा पट्टा पडेपर्यंत म्हातारीला टोळी सोडता येईना. चैत्रात कारखाना बंद झाला, तशी ती आष्टीला न जाता बोचकं घेऊन सरळ हिवरतळच्या मारुतीच्या देवळात येऊन बसली, आणि तिथंच राहिली. चार घरची खुरपणी करायची, मिळेल ती भाकरी खायची आणि दर सोमवारी ठाण्यात जायचं.

तिचं म्हणणं एकच होतं. पोरगी विहिरीत आहे, विहीर उपसा. पळून जाणारी पोरगी चपला घालून जाते, आणि दिपालीच्या चपला दारातच होत्या. शिवाय सटवाच्या पडवीत पाटा नव्हता. चांगला हातभर लांब, दोन माणसांनी उचलायचा काळा पाटा. मामी म्हणाली, फुटला, आता मिक्सर घेतलाय. साखराबाईनं ठाण्यात प्रत्येक साहेबाला तो पाटा सांगितला. ऐकणाऱ्याला वाटायचं, म्हातारी भांड्याकुंड्यांची तक्रार घेऊन आलीय.

विहीर सटवाच्याच रानात, जुन्या दगडी बांधणीची, बाहत्तरच्या दुष्काळातही न आटलेली. तिला तळ नाही, असं गावात पोरासोरांनाही पाठ. सात खाटांचा सुंभ जोडून सोडला तरी ठाव लागला नव्हता म्हणतात. सुंभ कुणी सोडला, कधी सोडला, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही. ठाण्यातल्या जुन्या साहेबांनी याच बोलण्यावर महिना काढला. मग वैशाखात नवे साहेब आले आणि त्यांनी म्हातारीचं ऐकून घेतलं. विहिरीला तळ असेल तर उपसू, म्हणाले. शुक्रवारी पाणी उपसायच्या दोन मोठ्या मोटारी पाठवतो. आधी जमादार जाऊन खोलीचा पंचनामा करून आणतील, म्हणजे उपसा होण्यासारखा आहे की नाही ते कळेल.

हे ठरलं सोमवारी, आणि मंगळवारी सोमेश्वर गावात आला. हैदराबादहून मुंबईला जहाज पकडायला निघाला होता, वाटेत तीन दिवस घरी. सोबत ऑफिसची पेटी, तिच्यात बंदूक, लॅपटॉप आणि तपासणीसाठी ठेवलेला एक मुदत संपलेला प्रोब.

मामानं त्याला गोठ्याच्या मागं बोलावलं. मेंढीचं खूर मांडीवर घेऊन तो काटा काढत होता, मान वर न करता बोलला.

"उद्या जमादार येणार हाय. मी सांगितलंय, आमचा भाचा समुद्र मोजतोय, विहीर काय चीज हाय. मशीन आन."

सोमेश्वरला लगेच सगळं कळलं. तो मंद नव्हता. "मामा, त्या मशीननं विहीर मोजता येत न्हाई. म्या सांगितलंतं की तुमाला."

"सांगितलंतं ना. म्हून तर म्हन्तो." मामानं काटा काढून बाजूला टाकला. "तुला खोटं बोल म्हनून म्या म्हन्लोय का? तू काईच बोलू नको. मशीनलाच बोलू दे."

"मामा, दिपालीचं..."

"दिपाली पळाली," मामा म्हणाला आणि मेंढीला सोडून दिलं.

आता सोमेश्वर वाईट माणूस होता का? मला विचाराल तर वाईट माणूस परवडला, त्याला निदान आपण काय करतो ते माहीत असतं. सोमेश्वरनं त्या संध्याकाळी स्वतःसाठी एक छानपैकी कारण तयार केलं. आपण खरं बोललो तर मामा आईला घराबाहेर काढेल, या वयात ती कुठं जाईल? आईसाठी गप्प बसायचं. कारण इतकं चांगलं होतं की ते आईलाही सांगावंसं वाटलं.

भिवराबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, तव्यावरची भाकरी उलटली.

"पाटा फुटला तर तुकडे पडत्यात," ती म्हणाली. "म्या चार महिने झाले उकिरडा बघायलेय. तुकडा न्हाई."

"आई, तुला भाईर काढतील."

"काढू दे. साखराबाई देवळात ऱ्हाती, तिथं अजून एकीला जागा हाय. माझ्यापायी तोंड शिवून बसू नको. तुला जे दिसंल ते सांग."

असं तिनं त्याचं कारण हातातून काढून घेतलं. सोमेश्वरला तिचा भयंकर राग आला. तो अर्ध्या जेवणावरून उठला आणि अंथरुणावर जाऊन पडला. मग त्यानं नवं ठरवलं, विहिरीवर गेल्यावर बघू. वेळ आली की बोलूच.

बुधवारी सकाळी दहाला अख्खं गाव विहिरीवर. जमादार झाडाखाली खुर्चीत, मांडीवर कागद, शेजारी दोन पंच. युवराज माणसांच्या मागं उभा राहून मोबाईलमध्ये बघत होता. साखराबाई सगळ्यात आधी येऊन बसलेली. तिच्या हातात मोळ्या आवळायचं लांबलचक चऱ्हाट होतं आणि त्याच्या टोकाला नारळाएवढा दगड बांधलेला.

"सायेब," ती म्हणाली, "आधी हे सोडून बघा की. टेकलं का कळतंय हाताला."

"बाई, हा सरकारी पंचनामा हाय," जमादार म्हणाले. "दोर कपारीत अडकतोय, वाकडातिकडा जातोय, कोर्टात कोन धरल ते? हे यंत्र समुद्र मोजतंय. गप बसा जरा."

लोकांनी माना डोलावल्या. त्या दोराला तळ तीन खेपांत सापडला असता. पण पेटी उघडली होती, लॅपटॉपचा दिवा लागला होता, आणि असलं यंत्र पुढ्यात असताना दगड बांधलेल्या चऱ्हाटाकडं बघायला कुणाला वेळ आहे?

सोमेश्वरनं बंदूक जोडली. एक तार पाण्यात सोडावी लागते, अर्थिंगची. ती नसली तर यंत्र सुरूच होत नाही, पडदा कोरा राहतो. ती तार हातात घेऊन तो पायरीवर थांबला. ही सोडलीच नाही तर? मशीन बिघडलं म्हणायचं, पेटी बंद करायची, जमादार दोर सोडतील. कुणाशी वैर नाही, खोटं नाही, काही नाही. इतकी सोपी सुटका देवानं त्याच्या हातात आणून ठेवली होती.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "काय बे सोमेश्वर, चालंना व्हय? समुद्रावर बी आसंच करतो का?" आणि दोनचारजण हसले.

त्यानं तार पाण्यात सोडली. दहा वर्षं ज्या गावानं त्याला समुद्रवाला म्हटलं त्या गावापुढं मशीन बंद पडलेलं त्याला बघवलं नसतं. एवढीच त्याची किंमत होती, ती मी इथं सांगितलीच पाहिजे.

त्यानं खिट्टी ओढली. डुबुक करून प्रोब पाण्यात गेला. पडद्यावर रेघ सत्तावीस अंशांवरून निघाली, खाली येता येता चोविसाला आली, आणि तिथं एकदम ताठ झाली. सोमेश्वरनं कोपऱ्यातला आकडा पाहिला. बारा मीटर. सात परस पाणी, एवढीच ती विहीर. दोन सेकंदही लागले नव्हते. बारा मीटर म्हणजे शुक्रवारच्या दोन मोटारींना एका दिवसाचं काम.

आणि आकडा पुढं पळू लागला.

"पन्नास," जमादार मोठ्यानं वाचू लागले. "ऐंशी. आयला. सव्वाशे."

लोक पुढं सरकले. कुणी कुणाच्या खांद्यावर हात ठेवून, कुणी पायरीवर उकिडवं बसून. दोनशेला एकानं विहिरीला हात जोडले. तीनशेला मामीनं पदर डोक्यावर ओढला. गाव पिढ्यान्‌पिढ्या जे म्हणत आलं होतं ते आता लॅपटॉप म्हणत होता. चारशेच्या पुढं नुसता जमादारांचा आवाज आणि साखराबाई उभी, चऱ्हाट छातीशी धरून, एकेक आकडा ऐकत.

सोमेश्वर त्या ताठ रेघेकडं बघत होता. समुद्रात या खोलीला पाणी दहा अंशांवर येतं, हे त्याच्या खात्यातल्या शिपायालाही माहीत असतं. इथं चोवीसच्या चोवीस. तोंड उघडायला त्याच्याकडं पुरी दोन मिनिटं होती. कमी नसतात ती. पाचशेला बोलू, म्हणाला मनात. मग सहाशेला. सातशे साठवर आकडा थांबला.

जमादारांनी घाम पुसला. "सातशे साठ मीटर," त्यांनी कागदावर लिहिलं. मग पेन थांबवून विचारलं, "सोमेश्वर, मशीन बरोबर हाय ना? काय बिघाड?"

सटवामामा खुर्चीच्या मागं उभा होता. तो भाच्याकडं बघतही नव्हता, मेंढरांकडं बघत होता. गर्दीच्या कडेला भिवराबाई होती, ती मात्र बघत होती.

"मशीनमध्ये काईच बिघाड न्हाई," सोमेश्वर म्हणाला.

शब्दशः खरं होतं ते. पंचांनी सह्या केल्या, सोमेश्वरनं तंत्रज्ञ म्हणून सही केली. जमादारांनी खाली एक ओळ वाढवली, सदर विहिरीचा उपसा करणे शक्य नाही. शुक्रवारच्या मोटारी नकोत म्हणून तिथूनच फोन लावला. भिवराबाई घराकडं वळली आणि लोकही पांगले, कारण बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सोमेश्वर खाली मान घालून तारा गुंडाळत होता. समोर दोन भेगाळलेले पाय येऊन थांबले.

"सोमेश्वरा," साखराबाई म्हणाली. "किती म्हन्ला रे जमादार?"

"सातशे साठ, मावशी."

"परसात सांग. मला ते कळत न्हाई."

"चारशे वीस परस."

तिला वाटलं होतं तो सात म्हणेल, आठ म्हणेल. तिनं ओठ हलवून चारशे वीस म्हणून बघितलं. मग खाली बसली, चऱ्हाटाची गाठ दातानं सोडवली, दगड हळूच बाजूला ठेवला. तिनं विश्वास ठेवला. ज्या बाईनं साहेब, जमादार, सरपंच यातल्या कुणाचं ऐकलं नव्हतं, तिनं या पोराच्या पेटीचं ऐकलं. कारण पेटीला सासर-माहेर नव्हतं.

"मंग आता ती निघायची न्हाई," ती म्हणाली. "आसू दे. हाडं तर हाडं, आष्टीला न्यायची व्हती. येक इचारू का तुला? तू शिकलेला हायस, तुझं कामच हाय हे."

"इचारा की."

"इतकं खोल जायला तिला किती येळ लागला आसंल?"

खोली नाही, गरम-गार नाही, म्हातारीनं नेमका वेळ विचारला. या धंद्यात खोलीसाठी वेळाशिवाय दुसरं काही मोजतच नाहीत. सोमेश्वरला उत्तर येत होतं. दोन सेकंद, मावशी. पाटा बांधला असेल तर त्याहून कमी, तिला काही कळलंही नसेल. पण दोन सेकंद म्हटलं की सात परस आलं, सात परस म्हटलं की शुक्रवारच्या मोटारी आल्या आणि मोटारी म्हटल्या की मामा. शब्द जिभेवर आला होता. जमादार अजून झाडाखालीच होते, वीस पावलांवर, फोन खिशात घालत.

"दोन मिन्टं," सोमेश्वर म्हणाला.

साखराबाई चऱ्हाट कोपरावर गुंडाळायला लागली होती, ती थांबली.

"दोन मिन्टं जिती आसंल मंग ती."

सोमेश्वर तार गुंडाळत राहिला.

"लई झाली रे दोन मिन्टं. त्येवढ्यात मानूस आईला किती बारी हाक मारतंय." तिनं चऱ्हाटाचा एक वेढा घेतला, मग दुसरा. "मी तवा फडात व्हते. मला कायबी ऐकू आलं न्हाई."

मामीनं बांधावरून आवाज दिला, जमादारसाहेबांना घेऊन या, ताटं वाढलीत. साखराबाईनं गुंडाळलेलं चऱ्हाट खांद्यावर टाकलं आणि देवळाकडं बोचकं बांधायला निघून गेली. सोमेश्वरनं पेटी बंद केली, हात धुतले आणि पंक्तीला जाऊन बसला. जमादारांसाठी बोकड कापलं होतं. रस्सा चांगला झाला होता, त्यानं तो दोनदा मागून घेतला.